बाईची बरणी

त्या आठवड्यात शेतातली लाईट रात्री बाराला यायची. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, म्हणून मी, माझा चुलतभाऊ माऊली आणि तातेराव काका साडेदहालाच विहिरीवर येऊन बसलो होतो. काकांचं शेत आमच्या बांधाला लागून. वय सदुसष्ट, पण पाण्याची पाळी कधी चुकवत नाहीत. तुराट्या पेटवल्या होत्या. तालुक्याच्या गावाच्या, मंठ्याच्या बाजूला दिव्यांची एक बारीक ओळ दिसत होती, बाकी सगळा काळोख.

माऊलीनं मोबाइल काढला आणि आमच्या तिघांचा फोटो घेतला. फ्लॅश पडला. काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"बंद कर ते."

"काका, उजेड तर हाय नुसता."

"म्हणूनच म्हणलं. नुसता उजेड मारू नये माणसावर." मग जरा वेळानं त्यांनी विचारलं, "आला का फोटो? बघ आधी."

माऊलीनं दाखवला. काकांनी स्वतःचा चेहरा नीट पाहिला आणि मोबाइल परत दिला.

"आता भुताचं काढू नका," मी म्हणालो. संभाजीनगरला एम.एस्सी. करतो मी, गावात रात्री शेकोटी पेटली की कुणीतरी हडळ आणतोच, याचा मला कंटाळा आहे.

"सायन्सवाले, भूत म्हणलं का मी? बद्रीनाथची गोष्ट हाय. वरच्या गल्लीतला. अन् एक राजानंद होता, मंठ्याला फोटोच्या दुकानात. माझ्या वळखीचा. पटली तर घे, न्हाईतर हरभऱ्याकडं बघ."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली.

काम साधं होतं. एक बरणी गावातून नवीन जालन्याला पोहोचवायची. तारीख अठरा डिसेंबर, दोन हजार चोवीस; वार बुधवार, संकष्टी. बद्रीनाथचा मुलगा हरिओम नवीन जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत आहे. त्यानं बरणीचा फोटो जुन्या वस्तू घेणाऱ्या एकाला पाठवला होता, आणि तो माणूस गुरुवारी सकाळच्या गाडीनं बघायला येणार होता. बद्रीनाथचे गुडघे गेलेले. तो म्हणाला, राजानंदच नेईल. फोटोवाला माणूस आहे, काच सांभाळायची सवय आहे त्याला.

ही बरणी मीही लहानपणी पाहिली होती. सगळं गाव तिला बाईची बरणी म्हणतं. हातभर उंच, चिनी मातीची, गर्द निळी. खाली चार पाय, दोन बाजूंना धरायला बोकडाच्या तोंडाचे दोन कान, झाकणावर एक कळी, आणि हे सगळं सोन्यासारख्या धातूचं. पोटावर अंड्याच्या आकाराची सोनेरी चौकट आणि चौकटीत एक परदेशी बाई. जालन्यातल्या एका जागीरदाराच्या देवडीतलं, वाड्यातलं सामान, जागिऱ्या गेल्या तेव्हा लिलावात निघालं. बद्रीनाथच्या आजोबानं पाय सोन्याचे समजून बरणी घेतली. सोनारानं पाय कसोटीवर घासला आणि म्हणाला, पितळ आहे, वर मुलामा. आजोबानं रागानं तिच्यात लोणचं घातलं. तीस वर्षं फ्रान्सच्या चिनी मातीत आमच्या गावचं कैरीचं लोणचं मुरलं.

मग बद्रीनाथचं लग्न झालं आणि सोनूबाई घरात आली. तिनं पहिल्याच महिन्यात लोणचं काढून बरणी धुतली आणि देवळीत मांडली. ती बाई तिला फार आवडायची. पांढऱ्या केसांचा केवढा तो डोलारा, गालावर लाली, हातात गुलाबाचं फूल. सोनूबाई म्हणायची, माझा फोटो काढायचा तर असा, फूल घेऊन. बद्रीनाथ म्हणायचा, काढू. कापूस निघाल्यावर काढू. हळद निघाल्यावर काढू.

"त्र्याऐंशी साल," काका म्हणाले. "बद्रीनाथच्या बहिणीची हळद होती. राजानंद आल्ता फोटो काढायला."

इथं काकांनी आम्हाला त्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली. रोलमध्ये छत्तीस फोटो. ते नवरानवरीचे, मानाच्या पाहुण्यांचे. पण कॅमेरा दिसला की मांडवातल्या सगळ्या बायापोरी समोर येऊन उभ्या राहायच्या. नाही कसं म्हणणार? म्हणून फोटोवाले रोल जपायचे आणि नुसता फ्लॅश मारायचे. उजेड पडला की माणूस खूश. पुढं फोटो कुणी मागत नसे. मागितला तर म्हणायचं, डोळे मिटले होते तुमचे, खराब निघाला.

सोनूबाई बरणी घेऊन आली. परसात पाटावर बसली, बरणी शेजारी ठेवली, हातात झेंडूचं फूल धरलं. पदर नीट केला. राजानंदनं कॅमेऱ्यातून पाहिलं. एका चौकटीत दोघी. एक त्या चौकटीतल्या चौकटीत, पांढरी, गुळगुळीत हनुवटी. दुसरी सावळी, हनुवटीवर हिरवं गोंदण, तीन ठिपके, त्रिकोणात.

तो म्हणाला, हलू नका, वैनी. ती हलली नाही. श्वाससुद्धा धरला होता तिनं.

रोल सकाळीच संपला होता.

"मंग?" माऊली म्हणाला.

"मंग काय. फ्लॅश मारला. ती हसली, बरणी उचलली अन् गेली घरात."

पण ती इतर बायांसारखी विसरली नाही. दर आठवडी बाजाराला मंठ्याला यायची, दुकानाच्या पायरीखाली उभी राहायची आणि विचारायची, भाऊजी, धुऊन आला का? राजानंद म्हणायचा, पुढच्या बाजारी. एकदा नव्हे, आठ बाजार. खरं सांगून पुन्हा बसवायचं, एवढंच करायचं होतं. पण पहिल्या बाजाराला खरं सांगितलं नाही, म्हणून दुसऱ्याला सांगवेना. आठव्याला तर बिलकुल नाही. नवव्या बाजाराला ती आली नाही. पंचमीला माहेरी गेली, तिथं कावीळ झाली. चार दिवसांत संपलं.

"बद्रीनाथ आला दुकानात," काका म्हणाले. त्यांनी तुराटी मोडली, विस्तवात टाकली, दुसरी घेतली. "टोपी हातात. म्हणे, तिचा एक फोटो हाय म्हणं तुझ्याकडं. ती सांगत होती मला. तेवढा दे. तर राजानंद म्हणाला… रोल खराब निघाला. बद्रीनाथनं उलट त्यालाच समजावलं. म्हणे, जाऊ दे, तुझी काय चूक."

मला राग आला. "सरळ सांगायला काय झालं होतं त्याला?"

"तू हाइस ना सांगणारा," काका म्हणाले. "आईक पुढं."

वर्षानं बद्रीनाथचं दुसरं लग्न झालं. दैवशाला अठरा वर्षांची. आमच्याकडं दुसरेपणाची बायको गळ्यात सवतीचा टाक घालते, चांदीचा, छोटा. नवं लुगडं आधी त्याला दाखवायचं, सणाचा पहिला घास त्याच्या नावानं काढायचा. मेलेलीचा मान. टाक घालायला आलेल्या चुलतसासूला दैवशाला म्हणाली, मान देते, पण कुणाला देते ते बघू द्या. तोंड दाखवा तिचं. कुणापाशी फोटो नव्हता. सगळे बद्रीनाथकडं बघायला लागले. आणि त्याच्या ध्यानात आलं की वर्षभरातच त्याला तिचं तोंड आठवत नाही. आवाज आठवतो, चालणं आठवतं, पण तोंड… तो उठला, देवळीतली बरणी आणली आणि नवीन बायकोपुढं ठेवली. म्हणाला, अशी होती.

दैवशालानं त्या परदेशी बाईला कुंकू लावलं. टाक घातला नाही. त्या दिवसापासून ती चित्रातली बाई घरातली थोरली झाली. लुगडं आधी तिला, बांगड्या आधी तिला, पुरणाचा पहिला घास तिला. हरिओम बोलायला लागला तो तिला मोठी आई म्हणत. रोज कुंकू, पण पुसायचं कधीच नाही, कारण सवाष्ण गेलेलीचं कुंकू पुसत नाहीत. चाळीस वर्षांत त्या चौकटीत कुंकवाचा जाड थर चढला. बाई दिसेनाशी झाली. नुसतं लाल.

त्या बुधवारी बरणी गोधडीत बांधताना दैवशाला एवढंच म्हणाली, "नेऊन राह्यलेत तर न्या. पोराला घर बांधायचं हाय, माझ्या हातात न्हाई काही. कुंकू तेवढं पुसू नका, भाऊजी."

बद्रीनाथ बाजेवर भिंतीकडं तोंड करून बसला होता. म्हणाला, "तेवढंच तोंड हाय माझ्यापाशी तिचं." पण नेऊ नका म्हणाला नाही.

एसटीत राजानंदनं बरणी मांडीवर घेतली. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, नातू लई शहाणा हाय, रडून नाही राह्यला." लोक हसले. राजानंदही हसला. जालन्यापर्यंत त्यानं बरणीवरचा हात काढला नाही.

हरिओमचं घर नवीन जालन्यात, स्टेशनापासून दहा मिनिटांवर. दोन खोल्या आणि मागं मोरी. हरिओम आणि त्याची बायको संकष्टीचं राजूरच्या गणपतीला जाणार होते, दर्शन झाल्यावर चंद्र बघून तिथंच उपास सोडणार होते. ते संध्याकाळी सहाला निघाले. राजानंद घरात एकटा.

अकराला हरिओमचा फोन आला. राजूरला गर्दी फार, यायला एक वाजेल. "अन् काका, त्या माणसाचा मेसेज आला. चेहरा साफ पाहिजे म्हणे. सकाळी वेळ न्हाई. तेवढं धुऊन ठेवता का?"

राजानंद म्हणाला, तुझ्या आईनं नको म्हणलंय. हरिओम म्हणाला, आईला कोण सांगतंय?

फोन बंद झाला. अकरा वाजून दहा मिनिटं.

काका थांबले. विस्तव खाली बसला होता. माऊलीनं तुराट्या घातल्या नाहीत, मीही नाही.

"त्यालाबी बघायचं होतं," काका म्हणाले. "हरिओमनं सांगितलं म्हणून धुतली, असं न्हाई. त्याला ते तोंड बघायचं होतं. चाळीस वर्षं झाल्ती."

मोरीत झिरोचा बल्ब. टबात कोमट पाणी घेतलं, बरणी आडवी धरली, कापसानं कुंकू ओलं केलं. आधी काही निघेना. मग सुटलं. पाणी गुलाबी झालं, मग लाल. मग टबाचा तळ दिसेना. त्या लाल पाण्यात बरणी हळूहळू हलवायची…

"डार्करूममधी लाल दिवा असतो," काका म्हणाले. "औषधाच्या पाण्यात कागद टाकायचा अन् ट्रे हालवत राहायचा. आधी कायबी नसतं. मंग केस येतात. मंग कपाळ. मंग डोळे. तसंच आलं ते. आधी केस… कपाळ… मी पाणी बदललं. पुन्हा लाल झालं."

"मी?" माऊली म्हणाला.

काकांना ऐकू आलं नाही असं वाटलं. ते विस्तवाकडं पाहत होते.

"काका, राजानंद होता ना घरात?"

"राजानंद दुकानाचा मालक होता, मी त्याच्याकडं फोटो काढायला होतो," काका म्हणाले. "बारा वर्षं झाली त्याला जाऊन. मेलेल्या माणसाच्या अंगावर ढकलून राह्यलो मी." मग म्हणाले, "मीच व्हतो."

दूर कुठंतरी कुत्रं भुंकलं आणि थांबलं.

"तोंड आलं वर. तीच बाई. परदेशी. गाल, ओठ, सगळं तसंच. हनुवटी पांढरी. मी बघितली, गुळगुळीत होती. मी म्हणलं, चला. धुतलं एकदाचं. कापूस टाकला. अन् तेवढ्यात…

"आवाज आला.

"बाहेरच्या खोलीतून. बारीक. डासासारखा. ईं… करत वर चढणारा. तुम्ही न्हाई ऐकला तो. जुना फ्लॅश चार्ज व्हायला लागला की तसा आवाज यायचा. पंचवीस वर्षांत मी ऐकला न्हवता. हरिओमच्या घरात कॅमेरा न्हाई. फ्लॅश न्हाई.

"चढत गेला. चढत गेला… अन् थांबला.

"थांबला म्हंजे चार्ज झाला. मला म्हाईत हाय ना. थांबला की मारायचा.

"मी हललो न्हाई. बरणी हातात. पाठ दाराकडं. श्वास धरलेला… बराबर तिनं धरला होता तसा. किती वेळ… म्हाईत न्हाई. नळ टपकून राह्यला होता. मंग तोबी थांबला.

"काहीच न्हाई.

"कुणी हाय मागं… अन् वाट बघून राह्यलंय. घाई न्हाई. राग न्हाई. नुसती वाट. पायरीखाली उभं राहावं तशी…

"मी म्हणलं, वैनी.

"…

"मी म्हणलं, वैनी… रोल न्हवता.

"…

"अन् फ्लॅश पडला.

"पांढरा. मोरीची सगळी भिंत पांढरी. भिंतीवर माझी सावली पडायला पाहिजे होती, उजेड मागून अन् मी मधी होतो. माझी न्हाई पडली. एक बाई बसलेली. पाटावर. पदर डोक्यावर. हातात फूल. एवढीच. मंग अंधार. झिरोचा बल्बबी गेला."

काकांनी हात पुढं केले, जणू बरणी अजून हातातच होती.

"चाचपत बाहेर आलो. बाहेरच्या खोलीत कुणी न्हाई, कडी आतून लावलेली. लाईट लावली अन् बरणी पुसायला घेतली. हनुवटी बघितली. तीन ठिपके. हिरवे."

हरिओम एक वाजता आला. काकांनी त्याला काही सांगितलं नाही. सकाळी तो माणूस आला. भिंग काढलं. पाय पाहिले, कान पाहिले, खूश झाला. फ्रान्सचं काम, दीडशे वर्षांचं तरी, असं म्हणाला. मग चेहऱ्यावर आला आणि हनुवटीपाशी थांबला. नख लावून पाहिलं. कापसाला कसलंसं औषध लावून घासलं. म्हणाला, ठिपके वरून काढलेले नाहीत, चकाकीच्या खाली आहेत, म्हणजे भट्टीत जायच्या आधीचे. आणि तिकडच्या बाईच्या हनुवटीवर गोंदण कोण काढेल? कुणीतरी इकडंच केलेली नक्कल आहे. त्यानं भिंग पिशवीत टाकलं आणि चहासुद्धा न घेता गेला.

बरणी पुन्हा गोधडीत, पुन्हा मांडीवर, पुन्हा गावात. दैवशालानं उघडलं, पुसलेलं कुंकू पाहिलं. आत जाऊन करंडा आणला. मग हनुवटी पाहिली आणि बद्रीनाथला हाक मारली. बद्रीनाथ बाजेवरून उठला, भिंतीला धरत आला. बराच वेळ पाहिलं. मग एक बोट तिथं ठेवलं आणि म्हणाला, "हां… हे होतं. हेच मी इसरलो होतो."

काकांची गोष्ट तिथं संपली.

"त्यांना सांगितलं तुम्ही?" मी विचारलं.

"तिला सांगितलं ना."

"त्यांना, बद्रीनाथ काकांना?"

काकांनी काडीनं राख उकरली.

"काका, एक वाक्य आहे ते. चाळीस वर्षं तो माणूस समजतोय की फोटो खराब निघाला. तुमच्या भुतापेक्षा ते वाईट आहे. उद्या चला, मी येतो बरोबर."

खांबावरचा दिवा लागला. बारा वाजले होते. स्टार्टर खटकला, विहिरीत मोटार घरघरली, पाइपातून पाणी उसळलं. काका फावडं घेऊन उठले.

"तू शिकलेला हाइस," ते म्हणाले. "तूच सांग." आणि वाफ्याकडं चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बद्रीनाथ काकांकडं गेलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो. बरणी देवळीत होती. संक्रांतीचं नवं लुगडं घडी करून तिच्यापुढं ठेवलेलं. दैवशाला काकूंनी कुंकू आता नुसतं कपाळाला लावलं होतं, एक छोटं बोट. बाकी चेहरा मोकळा ठेवला होता. मी म्हणालो, जरा बघू का? काकू म्हणाल्या, बघ की.

मी हनुवटीवरचे ठिपके आधी नखानं खरवडले. मग बोट ओलं करून घासलं. मग जोरात घासलं. वरचा भाग थंड आणि सपाट होता, बोटाला कुठं काही अडकत नव्हतं.

"तिचा एक फोटो होता," बद्रीनाथ काका बाजेवरून म्हणाले. "आपल्या तातेरावनंच काढल्ता. झेंडूचं फूल घेऊन बसली होती. रोल खराब निघाला बिचाऱ्याचा. लई वाईट वाटलं त्याला, अजून माझ्याशी डोळे मिळवून बोलत न्हाई. मी किती डाव सांगितलं त्याला, सोड बाबा, तुझी काय चूक…"

ते माझ्याकडं बघत होते. मी काहीतरी म्हणावं अशी वाट बघत असावेत.

मी म्हणालो, "हो ना."

काकूंनी चहा आणला. मी तो गरमच पिऊन टाकला. निघताना उंबऱ्यात बोट पाहिलं. कपाळाचं कुंकू थोडं लागलं होतं. हिरवं काही लागलं नव्हतं.

मागं वळून पाहिलं. देवळीत ती फूल धरून बसली होती, आणि हनुवटीवर, चकाकीच्या आत, तीन ठिपके तसेच होते.